शेजारच्या टॉवरने कधी गप्प बसायचं

रेडिओ इंजिनिअरला ठाणे–कल्याणचा नकाशा वेगळाच दिसतो. ठाण्याच्या डोक्याशी येऊरचे डोंगर, मध्ये कळवा–मुंब्र्याला आडवा आलेला पारसिक, एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला उल्हास, आणि दक्षिणेला मलंगगडाची रांग. बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ला, रूळ कल्याणला पोहोचले. डोंगर आणि पाणी यांच्या फटीतून जिथे रूळ गेले तिथेच माणसं राहायला आली. २०११च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता, पालघर धरून १ कोटी १० लाखांवर माणसं. एकट्या कल्याण-डोंबिवली महापालिकेत साडेबारा लाखांच्या आसपास. आणि ही वस्ती पसरट नाही. रुळांच्या दोन्ही बाजूंना, स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात ती दाटीने उभी आहे.

या माणसांच्या फोनला रेंज मिळावी म्हणून मी नोकरीची सगळी वर्षं घालवली. माझं घर डोंबिवली पूर्वेला, काम सगळ्या पट्ट्यात. मोबाइलचा इतिहास लोक टॉवर मोजून सांगतात: इथे इतके होते, आता तितके झाले. मी आतून पाहिलेला इतिहास मात्र गप्प बसण्याचा आहे. एका टॉवरने बोलताना शेजारच्याने कधी थांबायचं, किती वेळ थांबायचं आणि कोणासाठी थांबायचं, हे ठरवायच्या पद्धती बदलत गेल्या. प्रत्येक बदलाबरोबर मुंब्र्याच्या वळणावरचा, दिव्यातला, मोठागावातला माणूस कधी जवळ आला, कधी लांब गेला.

मूळ कल्पना जुनी आहे. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डग्लस रिंग यांनी एक टिपण लिहिलं. एका उंच मनोऱ्याने सगळं शहर व्यापण्याऐवजी शहराचे षटकोनी तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यात कमी ताकदीचा मनोरा ठेवावा, आणि एका तुकड्यात वापरलेली फ्रिक्वेन्सी पुरेशा अंतरावरच्या दुसऱ्या तुकड्यात पुन्हा वापरावी. तुकडा म्हणजेच सेल. ती कल्पना बाजारात यायला तीस वर्षांहून अधिक काळ गेला. आपल्या देशात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल फोन केला. त्याच वर्षी मुंबईत बीपीएल आणि हचिसन मॅक्स यांची सेवा सुरू झाली. दुसरीचं नाव तेव्हा ‘मॅक्स टच’ होतं. बोलायला मिनिटाला सोळा-सतरा रुपयांपर्यंत पडायचे आणि आलेल्या फोनचेही पैसे लागायचे.

लायसन्सच्या नकाशात कल्याण मुंबई सर्कलमध्ये आलं. आमच्या भागाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. लँडलाइनवर ठाणे ०२२ मध्ये आणि आम्ही ०२५१ मध्ये. डोंबिवलीची मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेली तरी आईशी बोलायला कोड फिरवावा लागे. मोबाइलने ही हद्द पुसली. पण हवेतल्या हद्दी सुरू झाल्या त्याही तिथूनच.

तेव्हाच्या जीएसएम तंत्राचं गणित असं. एका कंपनीला सुरुवातीला ४.४ मेगाहर्ट्झ मिळायचे, ग्राहक वाढल्यावर ६.२. एक कॅरियर २०० किलोहर्ट्झचा, म्हणजे ६.२मध्ये ३१ कॅरियर. एका कॅरियरवर आठ टाइमस्लॉट. शेजारी एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत म्हणून चार साइट्सचा गट करायचा, प्रत्येक साइटचे तीन सेक्टर, म्हणजे बारा वाटे. एकतीस कॅरियर बारा जणांत वाटले की एका सेक्टरला दोन, फार तर तीन येतात. नियंत्रणाचे स्लॉट वजा केले की एका सेक्टरमध्ये एका वेळी पंधरा ते बावीस माणसं बोलणार. डोंबिवली स्टेशनच्या बाहेर, संध्याकाळी सात वाजता, पंधरा ते बावीस.

तेव्हा गप्प बसण्याचा करार कागदावर व्हायचा. फ्रिक्वेन्सी प्लॅन बनवायचा, सगळ्या सेक्टरना फ्रिक्वेन्सीचे नंबर द्यायचे आणि एका रात्री, शेवटची लोकल गेल्यानंतर, सगळं एकदम बदलायचं. त्याला आम्ही रिट्यून म्हणायचो. पहाटेची पहिली लोकल सुटायच्या आत रेंज मोजायचा टेम्सचा फोन लॅपटॉपला लावून गाडीने ठाकुर्ली, कोपर, दिवा, शिळफाटा फिरून यायचं. रिट्यून झाला की पुढचे काही महिने तोच करार. नाशिक हायवेवरच्या सेक्टरला एक नंबर दिला की डोंबिवलीतल्या कुठल्या तरी सेक्टरला तो नंबर कायमचा बंद, मग हायवेवर त्या क्षणी कोणी बोलत असो वा नसो.

मोठागावची गोष्ट सांगते. डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या काठी रेतीबंदरच्या बाजूला तक्रारी येत होत्या: रेंज भरपूर, पण बोलणं तुटकं, शब्द गिळल्यासारखे. मी गाडी लावून कॉल सुरू केला. सिग्नलची पातळी उत्तम, दर्जा वाईट. हे को-चॅनलचं, म्हणजे त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसरा सेक्टर बोलत असल्याचं लक्षण. मध्येच फोनने सेल बदलला आणि टायमिंग ॲडव्हान्सचा आकडा ८ झाला. या आकड्याची एक पायरी साधारण ५५० मीटरची, म्हणजे फोन जवळपास साडेचार किलोमीटरवरच्या टॉवरशी बोलत होता. डोंबिवलीत तर अर्ध्या किलोमीटरवर दुसरा टॉवर. आवाज खाडीपलीकडून, मानकोलीच्या अंगाने येत होता. हायवेसाठी उंच बांधलेला सेक्टर पाण्यावरून सरळ आमच्या किनाऱ्यावर उतरत होता, आणि त्याचाच नंबर इकडच्या एका सेक्टरला दिलेला होता.

इथवर नेहमीचं होतं. नवल पुढे होतं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी गेले तर सगळं ठीक. तक्रारींच्या वेळा लिहून काढल्या तेव्हा दिसलं की त्रासाची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते आहे. बंदरावर रेतीच्या होडीची दोरी आवळत बसलेल्या एका काकांनी माझा लॅपटॉप पाहून विचारलं, काय मोजताय. मी सांगितलं. ते म्हणाले, “ताई, पानी चरला का बिघरतंय तुमचा फोन. आज भांग हाय. पुनवेला दुपारच्याला या.”

भांग म्हणजे लहान भरती. पौर्णिमेला दुपारी गेले. उधाणाची भरती होती, तिवरांचे बुंधे पाण्यात होते, आणि पडद्यावर दर्जाची रेघ तळाला. दूरच्या अँटेनाकडून एक लहर सरळ येते आणि एक पाण्यावर आपटून येते. दोघी एकमेकींना कधी जोर देतात, कधी मारतात. पाणी दोन मीटर चढलं की दोघींच्या वाटेतला फरक बदलतो आणि परका सेक्टर एकदम जवळचा वाटू लागतो. ओहोटीला चिखल आणि तिवरं उघडी पडली की तीच लहर विखरून जाते. पुस्तकात मी हे शिकले होते, पण भरतीचं वेळापत्रक फ्रिक्वेन्सी प्लॅनमध्ये लागतं हे मला त्या काकांनी शिकवलं. पुढे रिगर चढवून मानकोलीकडच्या अँटेनाची मान दोन अंशांनी खाली केली, आणि नंबरही बदलला. नवा नंबर कोपरच्या एका सेक्टरला भिडत होता, म्हणून कोपरचा बदलला. तो ठाकुर्लीला भिडत होता. एका किनाऱ्यावरचं बोलणं सुधारायला चार सेक्टर हलवावे लागले.

दुसरी कहाणी रुळांची. फोन कुठे आहे हे नेटवर्कला सतत कळवलं जात नाही. सेलचे मोठे गट असतात, त्यांना लोकेशन एरिया म्हणतात, आणि फोन एका गटातून दुसऱ्यात गेला की एकदाच वर्दी देतो. ही हद्द रुळांवर आडवी आली तर काय होतं? गर्दीच्या वेळची लोकल वळण घेते आणि डब्यातले सगळे फोन काही सेकंदांत एकदम वर्दी द्यायला धावतात. त्या कामाला राखलेल्या एका टाइमस्लॉटवर एका वेळी आठ फोन बसतात. बाकीचे थांबतात, पुन्हा प्रयत्न करतात, आणि तेवढ्यात मागून दुसरी लोकल. या गोंधळात ज्याची वर्दी पोहोचली नाही त्याला आलेला फोन वाजतच नाही. मुलगी गाडीत बसली का म्हणून आई फोन करते आणि पलीकडून ऐकू येतं, ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. मुलगी मुंब्र्याला उभी असते, फोन हातात, पट्ट्या पूर्ण.

ठाणे–कल्याणमध्ये रूळ टाळून हद्द आखताच येत नाही, कारण इथे सगळंच रुळांना चिकटलेलं. त्यामुळे आम्ही हद्द अशा जागी नेली जिथे दोन्ही बाजूंचे सेल एकमेकांवर लांबवर चढलेले असतील, म्हणजे काही फोन आधी सरकतील, काही नंतर. पारसिकचा बोगदा टाळायचा, हा आमचा पक्का नियम. १९१६ साली उघडलेला, सव्वा किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा. जलद लोकल कितीतरी वर्षं त्यातूनच धावल्या आणि बोगद्याच्या तोंडाशी सगळे फोन एकदम जागे व्हायचे. ‘बोगदा आला, ठेवते’ हे वाक्य त्या काळात लेडीज डब्यात रोज ऐकू यायचं.

डिसेंबर २००२मध्ये रिलायन्सचा सीडीएमए फोन आला आणि वर्षभरात तो भाजीवाल्यांच्या, रिक्षावाल्यांच्या हातात दिसू लागला. २००३च्या मे महिन्यापासून आलेले फोन फुकट झाले. तंत्राच्या बाजूने सीडीएमएत मोठा बदल होता: सगळे सेल एकाच फ्रिक्वेन्सीवर. वाटे नाहीत, नंबरांचा प्लॅन नाही. पण गर्दी वाढली की सगळ्यांचा मिळून गोंगाट वाढतो आणि सेल आपोआप आकसतो. संध्याकाळी डोंबिवलीचा सेल आत ओढला जायचा आणि काठावरचा माणूस बाहेर पडायचा. पुढे २०१०च्या लिलावानंतर खासगी कंपन्यांचं थ्रीजी आलं, त्याचीही जात हीच.

डेटा आला तेव्हा प्रश्नाने नवं रूप घेतलं. बोलण्याला सलग वाट लागते. डेटा थांबू शकतो. मग टॉवरने दर दोन मिलिसेकंदांनी, पुढे फोरजीत दर एका मिलिसेकंदाला, ठरवायचं की आत्ता कोणाची पाळी. हे काम करणाऱ्या भागाला शेड्यूलर म्हणतात. त्यामागचा विचार आधीच तयार होता. १९९२मध्ये लिआंड्रोस टासिउलस आणि अँथनी एफ्रेमिडिस यांनी दाखवलं की एकमेकांना अडथळा आणणाऱ्या रेडिओ दुव्यांत, ज्या दुव्यांची रांग आणि वेग यांचा गुणाकार मिळून सर्वांत मोठा भरतो त्यांना सोडत गेलं, तर जेवढा भार मुळात पेलणं शक्य आहे तेवढा पेलला जातो. १९९०च्या दशकाच्या शेवटी केंब्रिजच्या फ्रँक केली यांनी प्रमाणशीर न्यायाची व्याख्या मांडली, आणि डेव्हिड त्से व क्वालकॉमच्या इंजिनिअरांनी ती टॉवरच्या पाळीला लावली.

समजा एका सेलमध्ये दोघं आहेत. एक टॉवरखाली, दहाचा वेग घेऊ शकणारा. दुसरा मुंब्र्याच्या डोंगराआड, एकाचा. फक्त एकूण वेग मोठा दिसावा असं वाटलं तर सगळी पाळी पहिल्याला द्या: दहा आणि शून्य. प्रमाणशीर न्यायात दोघांना अर्धा-अर्धा वेळ: पाच आणि अर्धा. शिवाय दुसऱ्याची लहर ज्या क्षणी जरा बरी असेल तोच क्षण त्याला द्यायचा. रोजच्या वापरात या पद्धतीने मोठा फरक पडला.

पण हा न्याय एकाच सेलच्या आतला आहे. डोंगराआडच्या माणसाचा वेग एक का? बऱ्याचदा त्याचं कारण शेजारचा सेल. आता दोन शेजारी सेल घ्या, दोघांच्या हद्दीवर एकेक माणूस. दोन्ही सेल एकदम बोलले तर प्रत्येकाला एक. एकाने थांबून दुसऱ्याला बोलू दिलं तर, समजा, चार. पाळीपाळीने अर्धा वेळ घेतला तरी प्रत्येकाला दोन, म्हणजे गप्प बसून दुप्पट. टॉवरखालच्या माणसांचं उलट असतं: शेजारी थांबला तरी दहाचे फार तर अकरा होतात, आणि अर्धा वेळ गेला की साडेपाच. म्हणून जवळच्यांना दोन्ही सेलनी एकदम वाढावं, काठावरच्यांसाठी एकमेकांना जागा द्यावी. रेल्वेत एका ब्लॉकमध्ये गाडी असताना मागच्या गाडीला लाल सिग्नल मिळतो, तसं हे; फरक इतकाच की इथे लाल-हिरवं मिलिसेकंदांत बदलतं आणि कुठला ब्लॉक सामायिक आहे हे प्रवासी कुठे उभा आहे त्यावर ठरतं.

अनेक सेलची पाळी मिळून लावण्याचा हा विचार थॉमस बोनाल, सेम बोर्स्ट आणि अलेक्सांद्र प्रुतिए यांनी २००५मध्ये नीट मांडला. त्यातले प्रुतिए पुढे आयआयटी मुंबईच्या प्रसन्न चापोरकर, हिमांशू अस्नानी आणि अभय करंदीकर यांच्यासोबत २००९च्या एका निबंधात दिसतात. विषय: पूर्ण माहिती नसताना पाळी कशी लावायची. मला हा प्रश्न सगळ्यात खरा वाटतो, कारण आमच्या कामात अडचण नेहमी तिथेच यायची. काठावर कोण आहे, त्याची लहर कशी आहे, ही खबर शेजारच्या टॉवरकडे जाईपर्यंत काही मिलिसेकंद जातात. तेवढ्यात लोकल पुढे गेलेली असते. फायबर रस्त्याच्या खोदकामात तुटून खबर लांबच्या वळशाने गेली तर आणखी उशीर. म्हणजे जे थोडं माहीत आहे त्यावर निर्णय घ्यायचा, आणि कोणाची चौकशी करायची, कोणाची सोडायची, हेही ठरवायचं. पवईत हे काम चाललं होतं याचा मला अभिमान आहे.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं आणि काही महिन्यांत डेटाचा भार कधी पाहिला नव्हता तिथे गेला. जिओच्या २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वर आणि खाली जाणारा डेटा एकाच फ्रिक्वेन्सीवर, आलटून पालटून. एका टॉवरची बोलण्याची वेळ शेजाऱ्याच्या ऐकण्याच्या वेळेवर आली तर शेजारी बहिरा होतो. म्हणून गच्चीगच्चीवर जीपीएसचे छोटे पांढरे अँटेना बसले आणि सगळ्या टॉवरांची घड्याळं तीन मायक्रोसेकंदांच्या आत जुळवली गेली. २०२२च्या १ ऑक्टोबरला सुरू झालेल्या फाइव्हजीच्या ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही हीच शिस्त आहे. रात्री शेवटच्या लोकलनंतर होणारा आमचा करार आता सेकंदात शेकडो वेळा होतो.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदीत लोकल बंद पडल्या तेव्हा या सगळ्याची परीक्षा झाली. स्टेशनांवरचे सेल, ज्यांच्यासाठी आम्ही वर्षानुवर्षं जागा केली होती, ते रिकामे. सगळा भार टिळकनगर, गांधीनगर, खडकपाडा, दिवा पूर्व इथल्या घरांत. आणि भाराची दिशाही उलटी: मुलं ऑनलाइन शाळेत, आई-बाबा ऑनलाइन मीटिंगमध्ये, सगळ्यांचे चेहरे वर जात होते. आतल्या खोलीतला फोन टॉवरपर्यंत पोहोचायला पूर्ण ताकदीने ओरडतो, आणि तो आवाज शेजारच्या सेललाही ऐकू जातो. तोवर आम्ही टॉवरनी गप्प बसण्याचा विचार केला होता. त्या दिवसांत फोननी कधी आणि किती हळू बोलायचं याचे आकडे घरी बसून रात्रंदिवस बदलले. दिव्यातल्या एका चाळीतून एक ताई तक्रार करत होत्या की मुलाचा वर्ग रोज अकरा वाजता तुटतो. त्यांचा सेल आणि शेजारचा सेल यांच्यात काठाचे वाटे करून दिल्यावर तो वर्ग टिकला. त्यांनी मुलाला फोन देऊन ‘थँक्यू’ म्हणायला लावलं.

आता नवा काठ उभा आहे, अक्षरशः उभा. घोडबंदर रोडवर आणि कल्याण–शीळ रस्त्यावर पलावाच्या बाजूला तीस-चाळीस मजल्यांच्या इमारती आल्या. तिसाव्या मजल्यावरच्या फोनला अडवणारं काहीच नाही. त्याला आठ-दहा टॉवर सारख्याच जोरात ऐकू येतात. पट्ट्या पूर्ण असतात आणि व्हिडिओ फिरत राहतो. रिंग यांचे षटकोन जमिनीवर आखलेले होते. उंचीवरच्या माणसासाठी सगळा नकाशाच हद्द आहे, आणि त्याच्यासाठी थांबायचं तर एक नव्हे, पाच-सहा सेलनी थांबायला हवं.

अशा माणसाची दाद कुठे लागते? दूरसंचार नियामक ट्रायने २०१५च्या ऑक्टोबरमध्ये तुटलेल्या कॉलमागे एक रुपया भरपाईचा आदेश काढला होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६मध्ये तो रद्द केला. तेव्हा तुटलेल्या कॉलची दोन टक्क्यांची मर्यादा होती, पण ती सर्कलच्या सरासरीवर. मुंबई सर्कलच्या सरासरीत कुलाबाही यायचा आणि दिवा पूर्वही. २०२४च्या नव्या नियमांनी कंपन्यांना रेंजचे नकाशे जाहीर करायला लावले, ते चांगलंच झालं. पण रंगवलेला नकाशा फक्त लहर पोहोचते एवढंच सांगतो. संध्याकाळी सात वाजता त्या सेलच्या रांगेत किती माणसं आहेत, सर्वांत मागच्या पाच टक्क्यांना किती वेग मिळाला, शेजारच्या सेलने त्यांच्यासाठी किती वेळ जागा केली, हे सगळे आकडे कंपन्यांच्या सर्व्हरवर दर पंधरा मिनिटांनी जमा होतात. ते वॉर्डनिहाय जाहीर करावेत. सुरुवात ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांपासून करावी, कारण एवढ्या थोड्या जागेत डोंगर, खाडी, रूळ आणि चाळीस मजले एकत्र असलेलं दुसरं ठिकाण माझ्या पाहण्यात नाही.